रोजची उपासना आणि स्वभाव: सांधा नेमका कुठे निखळतो?

अर्धविराम

"धार्मिक माणूस म्हणजे चांगला माणूस" आणि "देवदेव करणारे सगळे ढोंगी" ही दोन्ही टोकं इथे चघळून चोथा झालेली आहेत. ती पुन्हा नकोत. मला मधलं विचारायचंय.

समजा एक माणूस रोज पहाटे तासभर जप किंवा ध्यान करतो, उपवास पाळतो, ग्रंथाची पानं नेमाने वाचतो. ढोंग अजिबात नाही, मनापासून करतो, वर्षानुवर्षं करतो. तरी हाताखालच्या माणसाशी तुसडेपणा तसाच, दुसऱ्याच्या वाट्यावर डोळा तसाच, चूक निघाली की बोट दुसऱ्याकडे. उलट असाही माणूस असतो की ज्याला हीच उपासना मऊ करते, सरळ करते. दोघांच्या नेमात बाहेरून काडीचा फरक दिसत नाही.

तर उपासनेतला कोणता भाग चारित्र्यापर्यंत पोचतो, कोणता वाटेतच जिरतो, आणि का? शक्यतो पद्धतीबद्दल लिहा: काय करायचं, कितीदा, कुठे बिघडतं. "सगळं मनावर असतं" छापाचे प्रतिसाद मी स्वतःच चार टाकू शकतो.

भोकाड

सगळं मनावर असतं. (पयला!)

खडूस_मास्तर

विषय आवडीचा, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी "चारित्र्य" म्हणून एक अखंड वस्तू असते हे गृहीतच तपासायला हवं. अमेरिकेत १९२० च्या दशकात हार्टशोर्न आणि मे ह्या दोघांनी सुमारे ११ हजार शाळकरी मुलांवर लबाडीच्या चाचण्या घेतल्या. उत्तरपत्रिका स्वतः तपासायला दिली की मूल उत्तर बदलतं का, खेळातले गुण वाढवून सांगतं का, हाताशी नाणी ठेवली तर उचलतं का. निष्कर्ष असा की एका ठिकाणी लबाडी करणारं मूल दुसऱ्या ठिकाणी करेलच असं सांगता येईना. धार्मिक शिकवणीच्या वर्गाला जाण्याचाही म्हणावा तसा फरक पडलेला नव्हता.

दुसरा प्रयोग १९७३ चा, डार्ली आणि बॅटसन यांचा. प्रिन्स्टनमधले ४० धर्मशास्त्राचे विद्यार्थी. त्यांना दुसऱ्या इमारतीत जाऊन छोटं भाषण द्यायला पाठवलं. निम्म्यांचा विषय होता वाटेत जखमी पडलेल्याला मदत करणाऱ्या परक्या माणसाची बायबलमधली गोष्ट. वाटेत एक माणूस कण्हत, खोकत बसवून ठेवलेला. घाई नसलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले, मध्यम घाईतले ४५ टक्के, आणि "उशीर झालाय, पळा" असं सांगितलेल्यांपैकी १० टक्के. काही जण तर त्याच गोष्टीवर भाषण द्यायला जाताना त्या माणसाला टाळून गेले.

त्यामुळे तुमच्या प्रश्नाचं माझं पहिलं उत्तर: वागणं घडतं ते प्रसंगात, आणि उपासना होते ती प्रसंगापासून लांब, बंद खोलीत.

कुंपणावरचा

मास्तर, तो प्रयोग नेहमी अर्धा सांगितला जातो. त्या गोष्टीवर बोलायला निघालेल्यांपैकी ५३ टक्के थांबले आणि दुसऱ्या विषयावर बोलणाऱ्यांपैकी २९ टक्के. ४० च्या नमुन्यात हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरत नाही, म्हणून "फरक नाही" असं छापून आलं. पण नमुना तोकडा असणं आणि परिणाम नसणं ह्यात अंतर आहे.

हार्टशोर्न-मे यांचंही तेच. एकेका चाचणीची दुसरीशी तुलना केली तर मेळ कमी दिसतो. अनेक चाचण्यांची सरासरी काढली की माणसामाणसातला टिकाऊ फरक दिसायला लागतो. नंतरच्या लोकांनी त्याच आकडेवारीवरून हे दाखवलंय. म्हणजे स्वभाव नावाची गोष्ट आहे. फक्त एका प्रसंगावरून ती ओळखता येत नाही.

विचित्रवीर्य

आकडे राहू द्या हो. धर्मानेच माणूस बिघडतो हे सिद्ध झालेलं आहे. २०१५ चा सहा देशांतल्या मुलांवरचा अभ्यास वाचा. धार्मिक घरातली मुलं वाटून घ्यायला कमी तयार होती.

कुंपणावरचा

@विचित्रवीर्य, तो शोधनिबंध २०१९ मध्ये मागे घेतला गेला. देशांना दिलेले क्रमांक विश्लेषणात मोजमापाचे आकडे म्हणून वापरले गेले होते, म्हणजे एका देशाचा "४" हा दुसऱ्या देशाच्या "२" च्या दुप्पट धरला गेला. चूक दुरुस्त केल्यावर मुख्य निष्कर्ष उडाला. बातमी जगभर गेली, माघार कोपऱ्यात छापली गेली.

विचित्रवीर्य

बरं. हा मुद्दा मागे. बाकीचे आहेतच.

निरंजना

मास्तरांचा "बंद खोली" हा मुद्दा परंपरांनाही माहीत होता. म्हणून तर योगाच्या आठ अंगांत पहिलं अंग यम आहे: अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य, अपरिग्रह. आसन तिसरं, ध्यान सातवं. आज बहुतेकांची सुरुवात तिसऱ्यापासून होते, थोडे सातव्यावर उडी मारतात, आणि मग स्वभाव का बदलला नाही असं विचारतात. पहिलं अंग गाळून पुढची अंगं केली तर एकाग्रता वाढते. वाढलेली एकाग्रता हिशेबात गफलत करायलाही उपयोगी पडते.

पण नुसतं "यम पाळा" म्हणूनही काही होत नाही. तिथे पुढे फार बारकाईचं काम आहे. दोष कसा घडतो त्याचे प्रकार पाडलेत: स्वतः केला, दुसऱ्याकडून करवला, किंवा होताना बघून मान डोलावली. प्रत्येकाच्या मागे लोभ, क्रोध किंवा मोह. आणि प्रत्येकाची मात्रा सौम्य, मध्यम किंवा तीव्र. ३ × ३ × ३ = २७. भाष्यकार मात्रेचे आणखी तीन तीन पोटभेद करून ८१ वर नेतात.

हे पांडित्य वाटेल, पण वापरून बघण्यासारखं आहे. "मी कधी कुणाला त्रास देत नाही" म्हणणारा माणूस फक्त पहिल्या रकान्यात बघत असतो. करवलेलं आणि अनुमोदन दिलेलं ह्या दोन रकान्यांत त्याचा अख्खा दिवस सापडतो. सहकाऱ्याची टिंगल चालू असताना हसणं, "तू बोल, मी मागे आहे" म्हणणं, खोटा कागद दुसऱ्याच्या सहीने पुढे सरकवणं. त्यातही मोहाचा रकाना सगळ्यात मोठा, कारण तिथे माणसाला आपण धर्मानेच वागतोय असं वाटत असतं.

ठमाकाकू

अनुमोदनाचा रकाना वाचून ह्या संस्थळावरचे निम्मे आयडी गारद. +१ देणारे आधी.

भोकाड

+१

मृगजळे

माझी हरकत मुळातच आहे. तुम्ही सगळे उपासनेला चारित्र्य सुधारण्याचा वर्ग समजताय. भक्तिमार्गात तो हेतूच नाही. ईश्वराशी संबंध हा हेतू. वागणं सुधारलं तर ती आनुषंगिक गोष्ट. औषध घेतल्यासारखी भक्ती केली तर ती भक्ती राहत नाही. शिवाय "मी सुधारतोय" हाही अहंकारच, आणि तो सगळ्यात चिवट.

निरंजना

मृगजळे, हेतू नसेल, पण खूण तीच मानलेली आहे. कुठल्याही भक्तिपरंपरेत भक्त ओळखायचा कसा हे विचारा: कुणाचा द्वेष न करणारा, क्षमा करणारा, मान-अपमानात न डगमगणारा. अश्रू किती आले, जप किती झाला ह्याला कुणी लक्षण म्हणून पहिलं स्थान दिलेलं नाही. हेतू ईश्वर असू दे. पण खूण दिसत नसेल तर वाट बरोबर आहे का हे कधीतरी तपासायला नको?

मृगजळे

तपासायला हवं, मान्य. पण दुसऱ्याने नाही.

खडूस_मास्तर

अहंकाराचा मुद्दा मात्र मृगजळे यांनी योग्य काढला. २०१८ मध्ये जर्मनीत योग आणि ध्यान करणाऱ्यांवर अभ्यास झाला. अपेक्षा अशी की सरावानंतर "मी इतरांपेक्षा सरस" ही भावना उतरेल. मोजली तेव्हा सरावानंतर ती चढलेली निघाली. ह्याचं एक साधं कारण असं की ज्या कामात माणूस वेळ आणि कष्ट घालतो ते त्याच्या स्वतःच्या किमतीचं माप होतं. कुणी सतार वाजवली तर सतारीचा गर्व, कुणी ध्यान केलं तर निरहंकाराचा गर्व.

ह्याचीच मावसबहीण म्हणजे नैतिक सवलत. सकाळी पुण्य जमा झालं की मन दुपारी त्यातून खर्च करायला मोकळं होऊ शकतं. दान केल्याच्या दिवशी माणूस घरच्यांवर जास्त खेकसू शकतो, कारण आपण चांगले आहोत ह्याचा पुरावा खिशात असतो. त्यामुळे उपासना वागण्यापासून तुटलेली असेल तर ती निरुपद्रवीसुद्धा राहत नाही, हे लक्षात घ्यायला हवं.

गणकचूडामणी

थोडं वेगळ्या बाजूने. मी पैशाच्या हिशेबांच्या अंगाने लिहितो, कारण चारित्र्य तिथे आकड्यात दिसतं.

धार्मिक संस्थांमध्ये अपहार होतात ते बहुतेकदा वाईट माणसांमुळे होत नाहीत. डोनाल्ड क्रेसी ह्या समाजशास्त्रज्ञाने १९५० च्या सुमारास विश्वासघात करून पैसे खाल्लेल्या कैद्यांचा अभ्यास केला. तीन गोष्टी जुळून येतात असं त्याला दिसलं: कुणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, हात घालायची संधी, आणि "हे चोरी नाही" असं स्वतःला पटवणारं वाक्य. "उसने घेतलेत, परत ठेवीन" हे ते नेहमीचं वाक्य.

आता भाविक मंडळींच्या संस्थेकडे बघा. पहिली गोष्ट तिथे जास्त, कारण सज्जन म्हणून नाव झालेल्या माणसाला अडचण बोलून दाखवणं अवघड जातं. दुसरीही जास्त, कारण "त्यांच्यावर संशय? छे!" म्हणून कुणी वही उघडत नाही. आणि तिसरी तर फुकट मिळते: "इतकी वर्षं विनामोबदला सेवा केली, तेवढा हक्क आहेच."

उपाय कंटाळवाणे आहेत, पण चालतात:

दानपेटीला दोन कुलपं, किल्ल्या एकमेकांशी नातं नसलेल्या दोघांकडे. पेटी उघडताना दोघांशिवाय एक तिसरा, आणि तो दर वेळी वेगळा. मोजणी एकाच बैठकीत पूर्ण, आकडा शाईने, तिघांच्या सह्या तिथल्या तिथे. भरणा दुसऱ्याच दिवशी, मोजणाऱ्यांपैकी नसलेल्या माणसाने करायचा. पावतीपुस्तकांना छापील क्रमांक, रद्द पावती फाडून टाकायची नाही, स्थळप्रतीसकट पुस्तकातच ठेवायची. खजिनदार तीन वर्षांनी बदलायचा, काम कितीही चोख असो. आणि वर्षातून एकदा त्याला सलग दोन आठवडे सक्तीची रजा. घोळ असेल तर ह्या दोन आठवड्यांत तो बाहेर येऊ शकतो, कारण लपवाछपवी रोज सांभाळावी लागते.

हे केल्याने कुणाचा अपमान होत नाही. उलट प्रामाणिक माणसाला पुरावा मिळतो.

विचित्रवीर्य

म्हणजे देव बघतोय ह्यापेक्षा तिसरा माणूस बघतोय हे जास्त चालतं. हेच तर मी म्हणत होतो.

गणकचूडामणी

नाही. कुलूप संधी कमी करतं. ते "उसने घेतलेत" हे वाक्य मनातून काढत नाही, आणि संस्थेबाहेर कुलूप नसतंच. तिथे निरंजनाबाईंचे रकानेच लागतील.

टोणगा

देव बघतोय ह्याचा परिणाम होतो हो, पण टिकत नाही. दीपक मल्होत्रा यांचा २०१० चा अभ्यास आहे. दानासाठीच्या ऑनलाइन लिलावात जादा बोली लावा असं आवाहन केलं, तेव्हा धार्मिक लोकांनी त्याला प्रतिसाद दिला तो मुख्यतः रविवारी. बाकी दिवशी धार्मिक आणि अधार्मिक यांच्यात फरक नाही. प्रार्थनेला जाऊन आल्याचा रंग सोमवारपर्यंत उतरतो.

मग ज्या परंपरांनी दिवसातून तीन, पाच, सात वेळा थांबायला लावलं त्यांचा हिशेब बरोबरच म्हणायचा.

पाथरवट

टोणगा यांनी वाट मोकळी केली. अर्धविराम यांना पद्धत हवी होती, तर एक सविस्तर देतो. सोळाव्या शतकातले ख्रिस्ती संत इग्नेशियस लोयोला यांची एका दोषाची झडती. श्रद्धा कुठलीही असो, किंवा नसो, यंत्र म्हणून ती चालते.

एकच दोष घ्यायचा. उठल्याबरोबर तो आज टाळायचा असं ठरवायचं. दुपारी जेवणानंतर पहिली झडती: उठल्यापासून आतापर्यंत तास तास घेऊन किती वेळा घडला, तितके ठिपके वहीत पहिल्या ओळीवर. रात्री जेवणानंतर दुसरी झडती, दुपारपासूनचे ठिपके दुसऱ्या ओळीवर. मग तुलना: दुसरी ओळ पहिलीपेक्षा कमी आहे का, आज कालपेक्षा, हा आठवडा मागच्यापेक्षा. दोष घडला त्या क्षणी हात छातीला लावायचा. चारचौघांतही कुणाच्या लक्षात येत नाही, आणि रात्रीपर्यंत आठवण राहते.

आता बिघडतं कुठे.

दोष मोजता येण्याजोगा न निवडणं ही पहिली गफलत. "राग" घेतला तर ठिपका कधी द्यायचा हेच कळत नाही. "समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलणं" घ्या. "लोभ" घेऊ नका, "आपलं नसलेलं श्रेय गप्प राहून घेणं" घ्या. घडलं की नाही हे शेजाऱ्यालाही सांगता आलं पाहिजे इतकं ठोस हवं.

दुसरी, एकदम पाच दोष घेणं. चौथ्या दिवशी वही बंद पडते.

तिसरी फार फसवी. सुरुवातीला ठिपके वाढतात. माणूस बिघडलेला नसतो, नजर उघडलेली असते. इथे बरेच जण घाबरून सोडतात. आणि नंतर ठिपके कमी झाले तर ते सुधारल्यामुळे की बघणं बंद झाल्यामुळे, हे वहीवरून कळत नाही. त्यासाठी ज्याला त्या दोषाचा त्रास होतो त्या माणसाला महिन्यातून एकदा विचारायचं. हे विचारणं जड जातं, आणि ते गाळलं तर बाकीची वही शोभेची.

मृगजळे

शेवटच्या वाक्याशी सहमत व्हावं लागतंय, नाइलाज आहे.

ठमाकाकू

आणि त्या माणसाने खरं सांगितलं तर त्याच्याशी आठ दिवस अबोला धरायचा. अबोल्याला मौन म्हणायचं. मौनाचं पुण्य वेगळं.

अर्धविराम

ठमाकाकू _/\_

पाथरवट, हेच हवं होतं. निरंजना, जैन प्रतिक्रमणातही असंच काही आहे ना? त्यात दोषांच्या याद्या फार ठोस असतात असं ऐकलंय.

निरंजना

हो. प्रतिक्रमण म्हणजे घडलेले दोष आठवून त्यांपासून मागे फिरणं. ते रोज संध्याकाळी दिवसभराचं, सकाळी रात्रीचं, शिवाय पंधरवड्याचं, चार महिन्यांचं आणि वर्षाचं. त्यासोबतची सामायिकाची, म्हणजे समभावाने बसण्याची, बैठक एक मुहूर्त, म्हणजे ४८ मिनिटं.

याद्यांबद्दल: प्रत्येक व्रताला पाच पाच अतिचार, म्हणजे व्रताला धक्का लावणारे दोष, दिलेत. गृहस्थाच्या अचौर्य व्रताचेच घ्या. चोरीला प्रोत्साहन किंवा साधनं देणं. चोरीचा माल घेणं. राज्याचे निर्बंध डावलून व्यवहार करणं. मापात खोट. अस्सल म्हणून नक्कल किंवा भेसळ विकणं. हे "चोरी करू नये" इतकं मोघम राहत नाही. व्यापारी माणूस संध्याकाळी बसला की त्याला तराजूच आठवायला हवा अशी रचना आहे.

दोषाच्या पायऱ्याही पाडल्यात. मनात आलं तो अतिक्रम, त्या दिशेने हालचाल केली तो व्यतिक्रम, व्रताला थोडा धक्का लागला तो अतिचार, सरळ मोडलं तो अनाचार. उपयोग असा की माणूस दुसऱ्या पायरीवर स्वतःला पकडू शकतो. बहुतेकांना जाग येते ती चौथीवर.

बिघाड कुठे? पाठ तोंडपाठ होतात आणि वेगाने म्हटले जातात. मापात खोट हा शब्द उच्चारताना आजचं माप डोळ्यापुढे येत नाही. विधी पूर्ण, झडती शून्य. उपाय जुन्या लोकांकडून ऐकलेला: प्रत्येक अतिचारानंतर एक पूर्ण श्वास थांबायचं आणि त्या दिवसातला एक तरी प्रसंग शोधायचा. सापडला नाही तरी चालेल. शोधायचं मात्र.

कुंपणावरचा

एक इशारा राहतोय. ही झडती सगळ्यांना देऊ नये. काही लोकांना आधीच टोचणी प्रमाणाबाहेर असते. प्रार्थनेतला एक शब्द चुकला म्हणून पुन्हा पहिल्यापासून, पापाचा विचार आला म्हणजे पाप झालंच, दहादा क्षमा मागूनही समाधान नाही. ख्रिस्ती मार्गदर्शकांना हे शतकानुशतकं ठाऊक आहे, आणि त्यांचा सल्ला असा की अशा माणसाने एकच मार्गदर्शक धरावा आणि सांगितलेला दोष पुन्हा सांगायला येऊ नये. आज हा मंत्रचळाचा एक प्रकार म्हणून ओळखला जातो, उपचार होतात. त्यांच्या हातात ठिपक्यांची वही देणं म्हणजे आगीत तेल.

ओळखायची खूण: झडती संपल्यावर साधारण माणसाला पुढचं काम सुचतं. ह्यांना पुन्हा झडतीच सुचते.

पाथरवट

अगदी मोलाची भर. म्हणूनच वेळेची मर्यादा घालावी. पाच ते दहा मिनिटं, घड्याळ लावून.

टोणगा

अवांतर: मुलांना ह्यातलं काय शिकवायचं? संस्कारवर्ग वगैरे सोडून.

खडूस_मास्तर

वर्गापेक्षा एक गोष्ट जास्त चालते. जोसेफ हेनरिक यांनी २००९ मध्ये मांडलेली कल्पना आहे: माणूस जे बोलतो त्यासाठी झळ सोसताना दिसला तर बघणारा ते खरं मानण्याची शक्यता वाढते. आपली उत्क्रांतीच अशी झालीय की फुकटच्या बोलण्याला बघणारा कमी वजन देतो, असा त्यांचा तर्क. दुकानदाराने चुकून जास्त दिलेले पैसे मुलासमोर परत करायला उलट चालत जाणं, हे दहा बोधकथांच्या तोडीचं. मात्र परत येताना त्यावर प्रवचन दिलं की किंमत उतरते.

संपादक मंडळ

अमुक धर्म तमुक धर्मापेक्षा सरस, ह्या विषयावरचे सात प्रतिसाद अप्रकाशित केले आहेत. धागा चांगला चाललाय, तसाच राहू द्या.

भोकाड

सातांपैकी तीन माझे नव्हते, नोंद घ्यावी.

गणकचूडामणी

वर सगळी चर्चा स्वतःच्या वहीबद्दल झाली. समोरच्याचं जे नुकसान केलं त्याचं काय? देवाजवळ क्षमा मागून माणूस हलका होतो आणि ज्याचे पैसे बुडाले तो तिथेच असतो. माझ्या मते मूळ प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. उपासना टोचणी शमवते. टोचणी शमली की भरपाईची निकड संपते. हा त्या यंत्रातलाच दोष.

पाथरवट

ह्यावर सगळ्यात काटेकोर काम ज्यू परंपरेत दिसतं. प्रायश्चित्ताच्या दिवशी देवाविरुद्धचे अपराध माफ होतात, पण माणसाविरुद्धचे, तो माणूस संतुष्ट झाल्याशिवाय नाहीत. बाराव्या शतकातले ज्यू धर्मपंडित मायमोनिडिस यांनी तपशील दिलेत. आधी पैसे किंवा वस्तू परत करायची, मग क्षमा मागायची. नुसती भरपाई पुरेशी नाही. तो माफ करत नसेल तर तीन मित्रांना घेऊन जायचं. तरीही नाही, तर दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. त्यानंतर जबाबदारी त्याच्यावर जाते. तो वारला असेल तर दहा माणसं घेऊन त्याच्या थडग्यापाशी जाऊन कबुली द्यायची, आणि पैसे देणं असेल तर ते वारसांना.

आणि पश्चात्ताप पूर्ण झाला कधी? तीच संधी, तीच ताकद, तोच मोह पुन्हा समोर आला आणि भीती किंवा अशक्तपणा हे कारण नसताना हात आवरला, तेव्हा. म्हातारपणी आपोआप सुटलेल्या दोषाला तिथे कमी दर्जा आहे.

ठमाकाकू

वर्षातून एकदा दोनशे जणांच्या यादीला "कळत नकळत दुखावलं असल्यास क्षमस्व" धाडणाऱ्यांनी हा प्रतिसाद वाचू नये. झोप उडेल.

खडूस_मास्तर

"असल्यास" काढलं तरी पुष्कळ झालं. क्षमा मागताना तीन गोष्टी लागतात: काय केलं ते नाव घेऊन, त्याने तुमचं काय बिघडलं ते, आणि आता मी काय भरून देतोय. कारणं सांगायची नाहीत. कारण सांगितलं की समोरच्यावर तुम्हाला समजून घेण्याचं काम पडतं. आणि लगेच माफीची अपेक्षा नाही.

अर्धविराम

शेवटचा प्रश्न, मग मी गप्प. ज्याचं नुकसान केलं त्याला तुमचं तोंडही बघायचं नसेल तर? तीनदा दारात जाणं म्हणजे त्याला नव्याने छळणं झालं.

पाथरवट

व्यसनमुक्तीच्या बारा पायऱ्यांत ह्याची सोय आहे. आठवीत नुकसान झालेल्यांची यादी, नववीत प्रत्यक्ष भरपाई, पण त्याने त्या व्यक्तीला किंवा आणखी कुणाला इजा होणार असेल तर नाही. मात्र ही पळवाट होऊ नये म्हणून इजा होईल का हे एकट्याने ठरवायचं नाही. पाचव्या पायरीला ज्याच्यापुढे स्वतःची यादी वाचली त्या माणसाला विचारायचं.

भेट नको असेल तर पैशाची भरपाई भेटीशिवाय करता येते. बँकेतून, किंवा दोघांना चालेल अशा तिसऱ्या माणसाच्या हातून, सोबत दोन ओळी. उत्तराची वाट बघायची नाही आणि "पोचले का" म्हणून फोनही नाही. बदनामी केली असेल तर त्याच्याकडे जायची गरजच कमी. ज्या ज्या माणसांजवळ बोललो होतो त्यांच्याकडे जाऊन "मी सांगितलं ते खोटं होतं" असं सांगायचं. यादी तिथूनच सुरू करावी. ती माणसं सहसा भेटायला तयार असतात.

भोकाड

तयार असतात म्हणजे काय, चहा पाजून पुन्हा पहिल्यापासून सगळं ऐकून घेतात.